ज्याची हौस, त्याची कळशी

घराभोंवतीं झाड लावावयाचें तें कशासाठीं, या प्रश्नाचें उत्तर आमच्या हिंगोलीच्या जुन्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलें होतें. तुळस पूजेसाठीं, पारिजातक व जास्वंद देवाच्या परडीसाठीं, बेल श्रावणांतल्या सोमवारांसाठीं, दूर्वा गणपतीसाठीं, केळ सत्यनारायणासाठीं आणि कढीलिंब फोडणीसाठीं. न्हाणीचें पाणी जेथें मुरे तेथें अळू आणि कर्दळ. अंगणांतील प्रत्येक झाडास कांहीं काम नेमून दिलेलें असे, आणि काम करील त्यासच पाणी मिळेल, असा एक अलिखित कायदा होता. या कायद्यास कोणी रुक्ष म्हणो. परंतु ज्या मुलखांत होळी झाली कीं विहिरीचा तळ दिसूं लागतो, तेथें पाण्याचा हिशेब ठेवणें ही रुक्षता नव्हे, तें शहाणपण आहे. पूर्णेवर येलदरी व सिद्धेश्वर, पैनगंगेवर इसापूर, अशीं मोठीं धरणें आमच्या जिल्ह्यांत व त्याच्या सीमेवर आहेत. तरीहि वैशाखांत गांवोगांव कळशांच्या रांगा लागतात, हें येथील प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे.

अशा अंगणांत २०१३ च्या पावसाळ्यांत एक बिनकामाचें झाड येऊन उभें राहिलें. आमच्या धाकट्या बंधूंनीं तें नांदेडच्या वाटेवरील एका रोपवाटिकेंतून आणलें होतें. उंची दीड-दोन हात, खोड अंगठ्याएवढें, आणि शेंड्याशीं तांबड्या-जांभळ्या लांबट पानांचा झुबका. कोंवळें पान गुलाबी, जून झालें कीं वांग्याच्या रंगाचें. घरांतील मुलें त्याच्याभोंवतीं जमलीं. सुना दारांतून कौतुकानें पाहूं लागल्या. आमच्या थोरल्या काकू तेवढ्या जपमाळ हातांत घेऊन ओटीवरून उतरल्या आणि त्यांनीं सरळ प्रश्न केला, “अरे, याचें फूल देवाला चालतें का?”

“नाहीं, काकू.”

“पान जेवायला चालतें? पाला औषधाला लागतो?”

“नाहीं. हें नुसतें पाहावयाचें.”

काकू क्षणभर त्या पानांकडे पाहात राहिल्या. मग म्हणाल्या, “दिसतें आहे खरें छान. ठेव. पण या घरांत एक रीत लक्षांत ठेव बापा, ज्याची हौस, त्याची कळशी. सुनांच्या कमरेवर याचें ओझें चढवूं नकोस.”

या एका वाक्यांत काकूंनीं जें सांगितलें, तें बागेच्या पुस्तकांतून आम्हांस कधीं वाचावयास मिळालें नव्हतें. तें पुढें ओघानें येईल. आधीं या पाहुण्याची ओळख करून देणें इष्ट आहे.

रोपवाटिकावाल्यानें त्याचें नांव ‘ड्रेसिना’ सांगितलें होतें. आपल्याकडे याच नांवाखालीं दोन वेगवेगळीं झाडें विकलीं जातात. एक खरें ड्रॅसिना, आणि दुसरें कॉर्डिलाइन. पानांवरून फसगत होते. मुळांवरून होत नाहीं. मूळ किंचित् खरवडून पाहावें. आंतून पिवळें वा नारिंगी निघालें तर ड्रॅसिना, पांढरें निघालें तर कॉर्डिलाइन. कुंडींतून काढून जमिनींत लावतांना आम्हीं हा प्रयोग केला. मूळ स्वच्छ पांढरें निघालें. शिवाय खोडाच्या तळाशीं हळदीच्या गड्ड्यासारखी एक जाड गांठ होती. कॉर्डिलाइन हें नांवच मुळीं ग्रीक भाषेंतील सोटा या अर्थाच्या शब्दावरून आलेलें आहे, आणि तें या जमिनींतील गांठीलाच अनुलक्षून आहे. आमच्या जिल्ह्यास गड्ड्याचें महत्त्व निराळें सांगावयास नको. वसमतच्या हळदीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. जेठा गड्डा शाबूत असला कीं पीक पुन्हां उभें राहतें, हें आमच्याकडील शेतकऱ्याचें पोर देखील जाणतें. या परक्या झाडाचा जीवहि तसाच जमिनीखालीं दडलेला असतो. वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला आतां शतावरीच्या कुळांत घालतात. म्हणजे ज्या शतावरीचा कल्प आपल्या घरीं बाळंतिणीस देतात, तिचेंच हें दूरचें भावंड म्हणावयाचें.

आमच्या घरीं आलेली जात म्हणजे कॉर्डिलाइन फ्रुटिकोझा. तिचें माहेर न्यू गिनी व त्याच्या आसपासचीं बेटें. काकूंनीं विचारलेले प्रश्न कोणी हवाई बेटांवरील आजीबाईस विचारले असते, तर तिनें ते हंसण्यावारी नेले असते. कारण तेथें या झाडाचीं हिरवीं पानें अन्न गुंडाळून भाजण्यास लागतात, नृत्याचा पोषाख त्यांचा होतो, भाजलेल्या मुळांपासून गोड पदार्थ होतो, आणि घराच्या कोपऱ्यांशीं हें झाड असलें म्हणजे अनिष्ट आंत शिरत नाहीं अशी समजूत आहे. न्यू गिनींत शेताच्या व वस्तीच्या सीमेवर तें लावतात. आपल्याकडे बांधावर घायपात लावावी तसें. पॉलिनेशियाच्या पूर्वेकडील बेटांवरची हिरवी जात तर बीच धरीत नाहीं. होडींतून बेटाबेटांवर वस्तीस जाणाऱ्या माणसांनीं तिची कांडी बरोबर नेली, म्हणूनच ती हजारों मैल पसरली. तात्पर्य, झाड बिनकामाचें आहे असें जेव्हां आपण म्हणतों, तेव्हां त्याचा अर्थ एवढाच कीं, आपल्या घराच्या चालीरीतींत त्याला अद्याप जागा मिळालेली नाहीं.

आतां या झाडाच्या चिवटपणाविषयीं. विलायती बागकामाच्या पुस्तकांतून कांहीं कॉर्डिलाइनांस ‘हार्डी’ म्हणजे काटक असें विशेषण लावलेलें असतें, आणि तें वाचून आपल्याकडील हौशी मंडळी भुलतात. हें विशेषण बहुधा कॉर्डिलाइन ऑस्ट्रेलिस या न्यूझीलंडच्या झाडास उद्देशून असतें. तेथील मावरी लोक त्याला टी कौका म्हणतात. त्याचे कोंवळे कोंब तेथें गेलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनीं भाजीसारखे खाल्ले, म्हणून त्यांनीं त्याचें नांव ‘कोबीचें झाड’ असें ठेविलें. हें झाड साठ फुटांपर्यंत वाढतें, आणि इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लोक तें ताडासारखें मिरवतात. परंतु थंड देशांतील माणूस काटक म्हणतो तो बर्फ सोसणाऱ्या झाडास! अमेरिकेंतील प्रसिद्ध नकाशांत झाडांच्या काटकपणाचे जे पट्टे पाडलेले आहेत, ते हिवाळ्यांतील किमान तपमानावरून. उन्हाळा किती सोसवेल याचा नकाशा तेथील उद्यानविद्या मंडळानें १९९७ सालीं निराळा काढला. वर्षांतून किती दिवस पारा तीस अंशांवर जातो हें त्याचें माप. हिंगोलीस हें माप लाविलें तर वर्षांतील बहुतेक महिने त्यांत जातील! आमच्याकडे मे महिन्यांत चाळिशीच्या वर पारा जाणें ही वार्ता नव्हे. तेव्हां बर्फांत टिकणारें न्यूझीलंडचें झाड येथें काटक ठरेल असें मानण्यास आधार नाहीं. आणि बर्फाच्या नांवानें कोमेजणारी न्यू गिनीची तांबडी जात येथें योग्य जागीं लाविली तर टिकते. काटकपणा हा एकट्या झाडाचा गुण नसून झाड आणि जागा या दोघांच्या जुळण्याचा गुण आहे.

शिवाय काटक म्हणविलेल्यांवरहि वेळ येते. न्यूझीलंडच्या उत्तरेकडील बेटांत १९८७ च्या सुमारास हींच कोबीचीं झाडें कांहीं महिन्यांत पिवळीं पडून मरूं लागलीं. वणवा लागून गेला तरी बुंध्याशीं पुन्हां फुटणारें हें झाड. पण किड्याच्या सोंडेंतून शिरणाऱ्या एका अतिसूक्ष्म रोगजंतूनें त्यास आडवें केलें, असें पुढील संशोधनांत दिसून आलें. उलट २०१० च्या डिसेंबरांत ब्रिटन व आयर्लंड येथें कडाक्याच्या थंडीनें अनेक कॉर्डिलाइनांचे शेंडे कुजून गळाले, तेव्हां लोकांनीं तीं मेलीं असें समजून उपटण्याची घाई केली; ज्यांनीं धीर धरला त्यांच्याकडे पुष्कळ झाडें बुंध्यापासून फुटलीं. धीर धरणें म्हणजे काय हें आम्हांसहि पुढें पाहावयास मिळालें.

ज्या वाचकांस हें झाड लावावयाचें असेल त्यांच्यासाठीं आमच्या घरीं अनुभवास उतरलेल्या चार गोष्टी येथें देतों.

पहिली जागेची. दुपारचें ऊन यास सोसत नाहीं. पानांच्या कडा भाजून कागदासारख्या होतात. निव्वळ अंधारहि नको. त्यांत तांबडा रंग फिकटतो व पान हिरवट दिसूं लागतें. पूर्वेकडील भिंतीशीं, जेथें नऊ-दहापर्यंत कोंवळें ऊन आणि पुढें दिवसभर उजेडाची सांवली, तेथें तें सुखी असतें. आमच्याकडे पारिजातकाची सांवली त्याच्या कामास आली.

दुसरी मातीची. आमची काळी माती कापसास व सोयाबीनास उत्तम. पण पावसांत ती चिखल धरते आणि उन्हाळ्यांत भेगाळते, आणि भेग पडली कीं बारीक मुळें तुटतात. म्हणून एक भाग काळी माती, एक भाग जाड वाळू किंवा बारीक मुरूम आणि एक भाग चांगलें कुजलेलें शेणखत असें मिश्रण करून वीतभर उंच वाफ्यांत रोप लावावें. आपल्याकडे मिळणारीं शोभेचीं पुष्कळ रोपें आंध्रांतील राजमहेंद्रीजवळच्या कडियमच्या रोपवाटिकांतून येतात. आमच्या कयाधूचें पाणी पैनगंगेंतून, पुढें वर्धा व प्राणहितेंतून गोदावरीस मिळतें आणि त्याच राजमहेंद्रीवरून समुद्राकडे जातें. त्या अर्थानें हीं रोपें पाण्याच्या उलट वाटेनें आमच्याकडे चढून येतात म्हणावयाचें. त्यांच्या मुळांभोंवतीं पुष्कळदां चिकण मातीचा घट्ट गोळा असतो. तो तसाच पुरला तर पाणी त्यांत शिरत नाहीं व मुळें त्याबाहेर पडत नाहींत. बादलींत भिजवून तो हलक्या हातानें सैल करावा.

तिसरी पाण्याची. जास्त पाण्यानें मुळें कुजतात, कमी पाण्यानें पानें गळतात. बोट दोन पेरें मातींत घालून पाहावें व ओल नसेल तरच पाणी घालावें. पावसाळ्यांत बहुधा लागत नाहीं, हिवाळ्यांत आठवड्यांतून दोनदां पुरतें, आणि उन्हाळ्यांत रोज सायंकाळीं तांब्याभर. बोअरच्या जड पाण्यानें कुंडीच्या कांठावर पांढरा थर बसतो, तोच क्षार मुळांशींहि सांठतो. पाण्यांत फ्लोराइड असलें तर पानांचीं टोंकें करपतात. सुपर फॉस्फेट खतांतहि तें असतें, म्हणून तें खत या झाडास देऊं नये. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रांतून जें टाकाऊ पाणी बाहेर पडतें तें वायां जाऊं नये म्हणून गृहिणी झाडांस घालतात. हेतु चांगला, पण त्यांत क्षार एकवटलेले असतात, तेव्हां तें फरशी धुण्यास वापरावें. या झाडास पावसाचें सांठविलेलें पाणी सर्वोत्तम. आणि वातानुकूलक यंत्राच्या नळींतून ठिबकणारें पाणीहि जवळजवळ क्षाररहित असल्यामुळें चालतें. बुंध्याभोंवतीं सोयाबीनच्या कुटाराचा वा पालापाचोळ्याचा चार बोटें थर द्यावा. त्यानें निम्मी तहान भागते.

चौथी राखणीची. कोरड्या हवेंत पानांच्या खालच्या बाजूस लाल कोळी होतो. बारीक जाळें व पिवळे ठिपके दिसले कीं ओल्या फडक्यानें पानें दोन्ही बाजूंनीं पुसावींत. कुत्र्या-मांजरांनीं पानें चघळल्यास त्यांना वांत्या होतात, एवढें पाळणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

असो. झाड दोन वर्षें चांगलें वाढलें. बंधु कचेरींतून आले कीं पंप्यांचे बूट काढण्यापूर्वीं त्याच्याकडे एक फेरी होई. मग २०१४ व २०१५ या दोन्हीं वर्षीं मराठवाड्यांत पाऊस अपुरा झाला, आणि २०१६ चा उन्हाळा उजाडला. त्या एप्रिलांत मिरजेहून लातुरास रेल्वेनें पाणी न्यावें लागलें, हें वाचकांच्या स्मरणांत असेल. आमच्या गल्लींत टँकर येई. तो केव्हां येईल याचा नेम नसल्यानें पहाटेपासून हंडे रांगेस लागत, आणि हंड्यांमागें उभ्या असत त्या प्रत्येक घरच्या सुना व लेकी. पुरुष मंडळींस कचेऱ्या होत्या. बायकांना कचेऱ्या असल्या तरी हंडेहि होते.

घरांत आम्ही अकरा माणसें. पाण्याचा कारभार काकूंनीं हातीं घेतला. पिण्याचें, स्वयंपाकाचें, स्नानाचें, अशीं भांडीं त्यांनीं निरनिराळीं ठरवून दिलीं. एके संध्याकाळीं झाडाचा विषय निघाला. आमचा पुतण्या अभियांत्रिकीचा विद्यार्थी, तो म्हणाला, “आजी, दोन लिटरनें काय होतें?” काकू म्हणाल्या, “दोन लिटर म्हणजे एका माणसाचें दिवसाचें पिण्याचें पाणी. तें कोणाच्या वांट्याचें काढूं, तेवढें सांग.” पुतण्या गप्प झाला. कोणी म्हणालें, झाड काढून टाकावें. पाणी पाणी करून माणसें मरतात आणि आपण रंगीत पानें जोपासतों, हें शोभत नाहीं. आमच्या धाकट्या भावजयीनें एवढेंच म्हटलें, “काढूं नका, पण माझ्या हंड्यांतलें त्याला देऊं नका.” तें ऐकून बंधूंचा चेहरा उतरला. पहाटे साडेचारला उठून तिनें आणलेल्या पाण्यांतूनच आपली संध्याकाळची हौस भागत होती, हें त्यांना त्या दिवशीं उमगलें असावें.

निर्णय काकूंनीं दिला. स्वच्छ पाण्याचा थेंबहि झाडास मिळणार नाहीं. जें पाणी एकदां माणसांच्या उपयोगी पडून झालें आहे, तांदूळ धुतलेलें, भाजी धुतलेलें, तेवढेंच. आणि तेंहि बंधूंनीं स्वतः उचलून घालावयाचें. शिवाय रविवारीं टँकरच्या रांगेंत बंधूंनींच उभें राहावयाचें. ही शेवटची अट झाडाशीं संबंधित नव्हती, पण ती काकूंनीं त्याच ओघांत घातली आणि कोणी हरकत घेतली नाहीं.

बंधु रांगेंत उभे राहूं लागले. पहिल्या रविवारीं शेजारपाजारच्या बायका पदराआड हंसल्या. दुसऱ्या रविवारीं आणखी दोन घरांतील पुरुष रांगेंत दिसले. तिसऱ्या रविवारीं बंधु घरीं येऊन म्हणाले, “वीस लिटरचा हंडा कमरेवर घेऊन पाय घसरणाऱ्या बोळांतून येणें म्हणजे काय, हें मला माहीत नव्हतें.” काकूंनीं मान वर न करतां उत्तर दिलें, “तुझ्या आईला माहीत होतें.”

मे महिन्यांत बंधूंस कचेरीच्या कामानिमित्त पंधरा दिवस बाहेरगांवीं जावें लागलें. रीत रीतच, त्यांची कळशी दुसऱ्या कोणी उचलली नाहीं. पानें वाळून लोंबूं लागलीं, शेंडा सुकला, खोडास सुरकुत्या पडल्या. त्या दिवसांत काकूंच्या पूजेच्या ताम्हनांतील पाणी तुळशीबरोबर त्या झाडाच्याहि मुळाशीं पडत असे, हें आम्हांस पुष्कळ दिवसांनीं कळलें. काकू त्याविषयीं कधीं बोलल्या नाहींत, आणि आम्हीं कोणीं विचारलें नाहीं. बंधु परत आले तेव्हां उभें राहिलें होतें तें एक वाळकें लांकूड. त्यांनीं सुकलेला भाग ओलें लांकूड लागेपर्यंत छाटला, म्हणजे जमिनीपासून वीतभर उरेपर्यंत, आणि वर कुटाराचा थर दिला.

मृग लागला. पहिल्या दोन पावसांनंतर पंधरा-वीस दिवसांनीं बुंध्याशीं कुटार उचलून दोन कोंब वर आले. गुलाबी, टोंकदार, करंगळीएवढे. गड्डा जिवंत होता. काकूंस दाखविले तेव्हां त्या म्हणाल्या, “जमिनींत होतें म्हणून वांचलें, वर होतें तें गेलें.” दिवाळीपर्यंत तेथें एका खोडाच्या जागीं दोन खोडें उभीं होतीं.

परंतु त्या उन्हाळ्याचें खरें फळ तें नव्हे. रांगेंत उभे राहिलेल्या बंधूंनीं पुढच्या उन्हाळ्यांत, पावसाच्या आधीं, धाब्याचें पाणी पन्हळींतून नळानें आणून, वाळू-विटांच्या गाळणींतून मागच्या आडांत सोडण्याची व्यवस्था केली. पहिली सर वाहून जाऊं द्यावयाची आणि मग झडप फिरवावयाची, एवढेंच तें काम. आडावर लहानसा पंप बसला आणि स्वयंपाकघरांत तोटी आली. त्यानंतर आड पूर्वींसारखा फाल्गुनांत तळास गेला नाहीं. कमी झाला, पण वापरण्याजोगें पाणी ज्येष्ठापर्यंत पुरलें. घरांतल्या बायकांचीं सकाळचीं दोन तासांचीं ओझीं उतरलीं. हें काम त्यापूर्वीं वीस वर्षें घरांत ‘करावयाचें’ म्हणून बोललें जात होतें. बोलणारे पुरुष होते व वाहणाऱ्या बायका होत्या, म्हणून तें बोलण्यांतच राहिलें होतें. वाहणारा आणि ठरविणारा एक झाला, तेव्हां तें महिन्याभरांत झालें. बागकामाविषयींच्या लेखांत हें कशाला, असें कोणी म्हणेल. आम्हांस वाटतें, एकत्र कुटुंबांतील बागेचा हाच मुख्य प्रश्न आहे. बाग कोणाच्या नांवावर फुलते आणि कोणाच्या कमरेवर, याचा विचार ज्या घरांत होत नाहीं, तेथील गुलाबास पारितोषिक मिळालें तरी तो गुलाब उसनवारीचा समजावा.

काकू २०१८ च्या हिवाळ्यांत गेल्या. त्यांच्यामागें वर्षाच्या आंत घराच्या वांटण्या झाल्या. भांडण झालें नाहीं, हें देवाचें देणें. पण तांब्या-पितळेच्या भांड्यांची यादी चार दिवस चालली. झाड कोणाच्याच यादींत नव्हतें. मुलांच्या नोकऱ्यांमुळें एक बिऱ्हाड पुण्यास, एक ठाण्यास, एक नांदेडास निघालें. आम्ही हिंगोलीसच राहिलों. निघण्यापूर्वीं आषाढांत बंधूंनीं झाडाचें एक खोड उतरविलें आणि त्याच्या कांड्या केल्या. ही रीत सोपी आहे. शेंड्याचा झुबका हातभर खोडासह वेगळा काढून, त्याचीं खालचीं पानें तोडून, तो उभा लावावा. उरलेल्या खोडाचे चार-चार बोटांचे तुकडे करून, ओल्या वाळूंत आडवे, निम्मे बुडतील असे ठेवावे. सांवली हवी, ओल हवी, पण डबकें नको. चार ते सहा आठवड्यांत डोळ्यांतून कोंब येतात. कोंबास चार पानें व खालीं मुळें आलीं कीं कुंडींत हलवावें. अकरा कांड्यांपैकीं आठ जगल्या.

त्या आठांचा वृत्तान्त असा. ठाण्याची दमट हवा झाडास मानवली. तेथील पानें आमच्यापेक्षां रुंद व गर्द झालीं आहेत. पुण्यास पूर्वेकडील सज्जांत दोन कुंड्या आहेत, त्या ठीक आहेत. तिसरी कोणीं दिवाणखान्यांत वातानुकूलक यंत्राच्या झोतांत शोभेस ठेविली, ती गेली. नांदेडची कांडी आमच्यासारखीच, उन्हाळ्यांत रुसते व मृगांत बोलते. आमची पुतणी मेलबर्नला असते. तिनें एक कांडी मागितली, पण त्या देशांत झाडें-माती नेण्यास कडक निर्बंध आहेत. तेव्हां तिला तसें कळविलें. पुढें तेथल्याच बाजारांत तिला तें मिळालें. दिवाळीस सर्व बिऱ्हाडांचीं फोनवर बोलणीं होतात, तेव्हां मुलाबाळांच्या चौकशींत झाडाचीहि एक चौकशी असते. पुष्कळ दिवस ज्यांच्यांत बोलावयास विषय उरला नव्हता, असे दोघे चुलत भाऊ परवां लाल कोळ्यावर अर्धा तास बोलत होते. यावरून वांटलेलें घर पुन्हां एक झालें असें आम्ही म्हणणार नाहीं. तसें होत नसतें. परंतु ज्याला कोणी यादींत घेतलें नव्हतें तें सर्वांकडे पोंचलें, आणि ज्यावर वाद घालण्याजोगें कांहीं नाहीं असें एक सामाईक धन राहिलें, एवढें खरें.

आतां सज्जांतील बागांचा काळ आहे. अंगणें गेलीं, आड बुजले, आणि तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर कुंड्या आल्या. दुकानांतून शंभर प्रकारचीं रंगीत पानें मांडलेलीं असतात, आणि मनुष्य मोहानें घेऊन येतो. झाड उपयोगी आहे कीं शोभेचें, हा काकूंचा पहिला प्रश्न आम्ही आज विचारीत नाहीं. शोभा ही देखील घराची गरज आहे, आणि दुष्काळी मुलखांत ती कांकणभर अधिकच आहे. त्यांचा दुसरा प्रश्न मात्र प्रत्येकानें खरेदीपूर्वीं स्वतःस विचारावा: वैशाखांत यास पाणी कोण घालील? उत्तरांत स्वतःचें नांव असेल तर झाड खुशाल घ्यावें. उत्तरांत बायकोचें, सुनेचें किंवा घरीं काम करणाऱ्या बाईचें नांव असेल, तर आधीं त्या व्यक्तीस विचारावें, आणि ती नाहीं म्हणाली तर रागावूं नये.

कॉर्डिलाइन घ्यावयाचें ठरलेंच, तर विकत घेण्यापूर्वीं ओळखीपाळखींत चौकशी करावी. आषाढांत ज्याच्याकडे हें झाड आहे तो एखादी कांडी आनंदानें देतो. खोड छाटल्यानें त्याचें झाडहि दाट होतें. वाळूची एक परडी, सांवलीची जागा आणि दीड महिन्याचा धीर, एवढें भांडवल पुरतें.